पुडीवरचा बॅच नंबर

नाशिकचा सिंहस्थ जवळ येतोय तसे आमच्याकडे फोन वाढलेत. कुणाला तपोवनाच्या बाजूला पोहे-चहाची गाडी लावायची आहे, कुणाची बहीण नागलीचे पापड करते, कुणाच्या बचत गटाला शेवया-कुरडयांची पाकिटं करून विकायची आहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच: "भाऊ, ते फूड लायसन्स कुठनं काढलं? किती पैसे लागतात?"

याचं उत्तर दोन वाक्यांत देता येतं. पण तेवढं सांगून फोन ठेवला की मला स्वस्थ बसवत नाही. नंबर मिळणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे आणि बरीच माणसं तिथेच थांबतात. पुडीवर नंबर छापला की झालं, असं त्यांना वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आमच्याबद्दल. मी सातपूरच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत क्वालिटी विभागात होतो. नोकरीची बहुतेक वर्षं व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि रिजेक्शनचे लाल टॅग यांच्यात गेली. बायकोचं माहेर सिन्नरचं. तिच्या आईचा काळा मसाला आमच्या नात्यात प्रसिद्ध. कांदा-खोबरं खरपूस भाजून, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, जायपत्री, मसाला वेलदोडा, शहाजिरं, तीळ, खसखस, धने, हळकुंड, हिंग असं सगळं घालून केलेला. उन्हाळ्यात तिच्याकडून मसाला मागून नेणाऱ्यांची यादी वाढत गेली आणि मी कंपनीतून बाहेर पडल्यावर, २०२२ मध्ये, आम्ही तो रीतसर विकायचं ठरवलं. अशोकनगरला आमचं रो-हाऊस आहे. त्याची मागची खोली रिकामी केली आणि कामाला लागलो.

आता नंबराचं. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालचे परवाना आणि नोंदणीचे नियम २०११ पासून लागू आहेत. अर्ज फॉस्कॉस नावाच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचा. आम्ही केला तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर नुसती नोंदणी पुरत होती, त्यापुढे २० कोटींपर्यंत राज्याचा परवाना आणि त्याच्याही वर केंद्राचा. नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एवढंच लागलं. हे आकडे सरकार बदलतं, तेव्हा भरण्याआधी पोर्टलवरच पाहा. पण एक गोष्ट ठामपणे सांगतो: जे काम आमचं १०० रुपयांत झालं त्यासाठी एजंट हजारोंनी मागतात आणि आपल्या बायाबापड्या देतात. कॉम्प्युटर येत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. तेवढ्यासाठी कुणाला पैसे मोजू नका.

मिळतो तो १४ अंकी नंबर. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्याच्या पुढचे दोन वर्षाचे. कुठलीही पुडी हातात घेतली की मी आता हे आपोआप वाचतो. आणखी एक लक्षात ठेवा. हा नंबर त्या जागेचा असतो. घरातून गाळ्यात गेलात तर जुना नंबर बरोबर नेता येत नाही, नव्या जागेसाठी नव्याने अर्ज करावा लागतो. आणि नोंदणी अन्न व औषध प्रशासनाकडे झाली म्हणजे सगळं झालं असंही नाही. पाकीटबंद माल विकायचा तर वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापनशास्त्र विभागाकडे पॅकर म्हणून वेगळी नोंद लागते आणि वजनकाट्यावर त्यांचा शिक्का लागतो.

इथपर्यंत कागद. खरं काम इथून पुढे आहे.

नियमांना जोडलेलं एक परिशिष्ट आहे, चौथं. त्यात स्वच्छतेचं सगळं दिलेलं आहे. छोट्या नोंदणीवाल्यांसाठी वेगळा भाग, मोठ्यांसाठी वेगळा. बहुतेक लोक ते उघडतसुद्धा नाहीत. मी मात्र ते छापून घेतलं आणि कंपनीत ड्रॉइंग वाचायचो तसं पेन्सिल घेऊन वाचलं. पाणी पिण्याजोगं हवं. भिंती-फरशी धुता येण्यासारखी हवी. उंदीर-झुरळ-पालीचा बंदोबस्त हवा. काम करणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडच्या गटातल्या आजारांची लस हवी. हाताला जखम असेल, जुलाब-ताप असेल तर त्या माणसानं त्या दिवशी अन्नाला हात लावायचा नाही. वाचायला हे सगळं उघड वाटतं. पण एकेक ओळ आपल्या खोलीला लावून बघायला लागलो की प्रत्येक ओळ काही ना काही बदलायला लावते.

पाण्याचंच घ्या. आमच्याकडे नळाला महापालिकेचं पाणी, गंगापूर धरणाचं. ते शुद्धीकरण होऊन येतं. पण येतं ते आपल्या टाकीत, आणि टाकी शेवटची कधी धुतली हे कुणाला आठवतं? मसाला कोरडा असतो, पाण्याचा काय संबंध, असं बायकोचा भाऊ म्हणाला होता. संबंध आहे. कांदे पाण्यानं धुतो, पातेली-पराती पाण्यानं धुतो, हात पाण्यानं धुतो. आम्ही टाकी धुवून घेतली, झाकण घट्ट बसणारं केलं, पाणी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत तपासून घेतलं आणि तो अहवाल फायलीला लावला. नोंदणीसाठी तो कुणी मागितला नव्हता. पण पुढे अन्न सुरक्षा अधिकारी पाहायला आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा टाकीबद्दलच विचारलं. ती फाईल त्यांच्यासमोर ठेवताना बायकोच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मला आमच्या पहिल्या ऑर्डरच्या वेळीही दिसला नव्हता.

सगळ्यात नाजूक विषय निघाला बांगड्यांचा. अन्न हाताळणाऱ्यानं दागिने, घड्याळ, पिना, सैल वस्तू घालू नयेत असं नियमात आहे. पुरुषांना यात काही वाटत नाही. पण आमच्याकडे मदतीला येणाऱ्या ताईंच्या हातात मनगट भरून हिरव्या काचेच्या बांगड्या. मसाला चाळताना, पराती उचलताना काच टिचली आणि एक कण मसाल्यात गेला तर तो चाळणीत सापडेलच असं नाही. बायकोनं विषय काढला तेव्हा ताई म्हणाल्या, "वहिनी, मोकळ्या हातानं घरी कशी जाऊ? सासूबाई काय म्हणतील?"

आता यात नियम दाखवून हुकूम सोडता आला असता. बायकोनं तसं केलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही नव्या बांगड्या भराल ना, तेव्हा एक माप सैल घ्या. पैसे मी देते." दारातच एक झाकणाचा डबा ठेवला. ताई आल्या की हात धुण्याआधी बांगड्या डब्यात, जाताना पुन्हा हातात. घट्ट बांगड्या काढता-घालताना तुटतात, सैल तुटत नाहीत. मंगळसूत्र दोघींचंही गळाबंद ॲप्रनच्या आत. लांब बाह्यांचे ॲप्रन, मनगटाला इलॅस्टिक. ज्यांना वाटतं की हे नियम मोठ्या कंपन्यांसाठी आहेत, आपल्या घरगुती कामात ते बसत नाहीत, त्यांना मी हा डबा दाखवतो. बसवायची इच्छा असेल तर बसतात. फक्त ज्या बाईच्या हातून ते व्हायचंय तिच्याशी आधी बोलावं लागतं.

कच्च्या मालाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण मसाल्यातला खरा धोका डोळ्यांना दिसत नाही.

मिरची आम्ही दोन-तीन प्रकारची घेतो. तिखटाला लवंगी, रंगाला ब्याडगी, कधी नंदुरबारकडून आलेली. बाजारात लालभडक, चकचकीत मिरची बघून लोक हरखतात. मी चकाकीला घाबरतो, कारण तेलाचा हात फिरवून चकाकी आणता येते आणि हे करणं नियमात बसत नाही. मिरची घेताना मी दहा-पंधरा मिरच्या मोडून आत बघतो. बाहेरून लाल दिसणाऱ्या मिरचीच्या पोटात, बियांच्या भोवती, करडी-पांढरी बुरशी असू शकते. पुरती न वाळता पोत्यात भरलेल्या मिरचीत ती हमखास असते. खोबऱ्याच्या वाटीचंही तेच. या बुरशीपैकी काही जाती ॲफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृतावर परिणाम करतं आणि कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. मसाल्यांत ते किलोला ३० मायक्रोग्रॅमच्या वर असता कामा नये अशी आपल्याकडे मर्यादा आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, यावरून अंदाज करा.

आणि इथे घरगुती समजूत आड येते. "भाजलं की सगळं मरतं" असं आपण म्हणतो. बुरशी मरते. तिनं आधी करून ठेवलेलं विष घरच्या भाजण्यानं पुरतं जात नाही. त्यामुळे बुरशी लागलेलं खोबरं भाजून वापरता येत नाही, ते टाकावंच लागतं. खोबऱ्याचा भाव बघता हे जिवावर येतं. तरी टाकावं लागतं.

मिरचीपुडीत ओलावा ११ टक्क्यांच्या वर नसावा असं मानक आहे. एप्रिल-मेचं नाशिकचं ऊन कोरडं असतं, गच्चीवर मिरची छान वाळते. पण वाळवण गच्चीवर उघडं टाकायचं तर कबुतरं, धूळ, शेजारच्या बांधकामाची सिमेंट, सगळंच त्यात. आम्ही लोखंडी चौकटी करून घेतल्या, वर बारीक जाळी, आणि जमिनीपासून गुडघाभर उंच. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की वाळवण बंद. पावसाळ्यात मागणी असते, श्रावणाआधी बायका मसाल्यासाठी फोन करतात, तरी वाळलेला माल नसेल तर "नाही" म्हणायचं. मे अखेरपर्यंत वाळवून, हवाबंद पिंपात, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवलेलं असेल तेवढंच कांडायचं.

कांडपाचाही प्रश्न होताच. सुरुवातीला आम्ही जवळच्या डंकावर जात होतो. तिथले अण्णा भला माणूस. पण त्यांच्याकडे एकापाठोपाठ एक लोकांचे मसाले कांडले जातात, बाजूलाच गव्हाची चक्की, पीठ सगळीकडे उडत असतं. तिथे आपल्या मसाल्यात दुसऱ्याचं काही आलं नाही असं मी लिहून देऊ शकत नव्हतो. शिवाय डंकाच्या मुसळांचं लोखंड झिजतं. कंपनीतली सवय म्हणून एकदा मी कांडलेल्या मसाल्यावरून लोहचुंबक फिरवलं आणि त्याला जे बारीक काळं चिकटलं ते बायकोला दाखवलं. तिनं त्या दिवशीच ठरवलं की यंत्र घरचं घ्यायचं. पल्व्हरायझर घेतला, त्याच्या तोंडाशी चुंबक बसवलं. आता प्रत्येक घाण्यानंतर चुंबक पुसून बघतो आणि काय निघालं ते वहीत लिहितो. अण्णांना राग आला नाही. उलट त्यांनी स्वतःच्या डंकाला चुंबक बसवून घेतलं.

लेबलाबद्दल लोक सगळ्यात शेवटी विचार करतात, छपाईवाल्याकडे बसून. तसं करू नका. लेबलाचे नियम २०२० चे आहेत आणि त्यात अनेक गोष्टी आपल्या अंदाजाच्या उलट निघतात.

पहिली गोष्ट भाषेची. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी लागते. मराठी त्याच्या जोडीला देता येते. नुसतं मराठी लेबल चालत नाही. मला हे पटलेलं नाही, आपल्याच गावात आपल्याच माणसांना विकायचं तर आपली भाषा पुरेशी असायला हवी असं माझं मत आहे. पण नियम आहे तोवर आम्ही इंग्रजी छापतो आणि त्याच्या वर, त्याहून मोठ्या अक्षरात, मराठी.

दुसरी गोष्ट "पारंपरिक" हा शब्द. छपाईवाल्यानं आपणहून मसुद्यात टाकला होता: पारंपरिक, शुद्ध, नैसर्गिक. दाव्यांबद्दलचे नियम २०१८ चे आहेत आणि यातल्या प्रत्येक शब्दाला त्यात अट आहे. पारंपरिक म्हणायचं तर ती कृती निदान ३० वर्षं जवळपास न बदलता चालत आलेली हवी. बायको म्हणाली, "मग लिहा की! आईच्या हाताखाली मी शाळेत असल्यापासून हाच मसाला करतेय." तो शब्द राहिला. बाकीचे दोन काढले. "पचनाला उत्तम" असं एका हितचिंतकानं सुचवलं होतं, तेही घेतलं नाही. मसाला विकायचा, औषध विकायचं नाही.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे. निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, ग्रॅममागची किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ती तारीख, बॅच नंबर, पूर्ण पत्ता, एफएसएसएआयचं (म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह आणि १४ अंकी नंबर, हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका. पोषणमूल्यांचा तक्ता मी प्रयोगशाळेच्या अहवालावरून केला, इंटरनेटवरून उचलला नाही.

आणि मग हिंग.

घटकांची यादी बायकोनं तोंडपाठ सांगितली, मी लिहून घेतली. हिंगापाशी मी थांबलो, कारण कंपनीत कुठलाही भाग बाहेरून आला की तो कशाचा बनलाय ते विचारायची सवय. हिंगाचा डबा उलटा करून वाचला. आपण बाजारात घेतो तो बहुतेक बांधणीचा हिंग असतो. म्हणजे मूळ हिंगाचा अर्क, डिंक आणि गव्हाचं पीठ. गहू! ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन) असलेली धान्यं, शेंगदाणे आणि सुकामेवा, दूध, सोयाबीन, अंडी, मासे हे सगळे घटक असतील तर वेगळे ठळक सांगावेच लागतात, कारण काही माणसांना ते सोसत नाहीत. आमच्या मसाल्यात हिंग चिमूटभर. तरी लेबलावर आलं: यात गहू आहे.

नात्यातल्या एकानं म्हटलं, मसाल्याच्या पुडीवर गहू लिहिलंत तर लोकांना भेसळ वाटेल. मी म्हटलं, वाटू दे, विचारतील तर सांगू. पुढे गंगापूर रोडवरच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलाला सीलिॲक आहे, गव्हाचा अंशही चालत नाही. मैत्रिणीकडे आमची पुडी बघून त्यांनी वाचलं होतं. म्हणाल्या, "भाऊ, मसाल्यावर हे लिहिलेलं मी क्वचितच बघते. बिनहिंगाचा करून द्याल का?" बायको लगेच करायला तयार होती. मी नको म्हटलं. यंत्र तेच, पराती त्याच, खोली तीच. हिंग वगळला तरी कालच्या घाण्यातलं पीठ कुठेतरी राहणारच, आणि त्या पोराच्या पोटाशी मी अंदाजानं खेळणार नाही. आम्ही त्यांना सरळ सांगितलं की आमच्याकडून घेऊ नका, आणि घरच्या घरी काय क्रमानं करायचं ती कृती बायकोनं फोनवर लिहून दिली. एक गिऱ्हाईक गेलं. पण हे सगळे नियम कुणासाठी आहेत, हे मला त्या फोनवर जितकं स्पष्ट कळलं तितकं एकाही परिपत्रकातून कळलं नव्हतं. नात्यातल्या बाईला मसाला देताना आपल्याला तिच्या घरातलं माहीत असतं, कुणाला काय चालत नाही ते ठाऊक असतं. पुडी बाजारात गेली की ती कुणाच्या घरात उघडली जाणार ते आपल्याला ठाऊक नसतं. आपल्याला जे सांगायचंय ते पुडीलाच सांगावं लागतं.

सुट्या मसाल्यावरून मात्र आमच्याकडे थोडी नाराजी झाली. दळलेला मसाला पाकीटबंदच विकायचा, सुटा विकायचा नाही, असा नियम २०११ पासून आहे. आमच्या गल्लीतल्या जुन्या बायका डबे घेऊन येत. "काकू, पिशवी कशाला वाया घालवता, घाला की डब्यात." बायकोला नाही म्हणणं फार जड गेलं. पण सुट्या मसाल्यावर ना तारीख ना नंबर. आता त्यांच्यासाठी एक किलोची पुडी करतो, थोडी स्वस्त. ती घरी नेऊन डब्यात ओतली तरी चालेल, रिकामी पुडी तेवढी जपून ठेवा, असं बायको सांगते.

ती पुडी का जपायची? त्यावरच्या बॅच नंबरासाठी, म्हणजे ती कुठल्या घाण्याची ते सांगणाऱ्या नंबरासाठी. माझ्या लेखी सगळ्या लेबलात ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे आणि लोक तिच्याकडे सर्वांत कमी बघतात. काहीजण तर छपाईवाल्याकडून कायमचा एकच नंबर छापून घेतात. मग तो नंबर राहतच नाही.

कंपनीत शाफ्टसाठी आलेल्या प्रत्येक लोखंडी बारला हीट नंबर असायचा. गाडी कुठेही मोडली तरी त्या नंबरावरून भट्टीपर्यंत मागे जाता यायचं. आमच्या मसाल्याच्या वहीत मी तेच केलंय. प्रत्येक घाण्याला एक पान. त्यावर मिरची कुणाकडून, कोणत्या बिलाची. खोबरं, धने, हिंग कुठले. भाजलं कुणी, चाळलं कुणी. चुंबकाला काय निघालं. एकूण किती पुड्या झाल्या आणि त्या कुठे-कुठे गेल्या. रविवार कारंज्याच्या दुकानदाराकडून मी पक्कं बिल घेतल्याशिवाय माल उचलत नाही. सुरुवातीला ते वैतागायचे, आता बिल आधीच लिहून ठेवतात. शिवाय प्रत्येक घाण्याची एक पुडी आम्ही विकत नाही. ती मुदत संपेपर्यंत कपाटात राहते.

एकदा एका खाणावळीच्या मालकांचा फोन आला, मसाल्याला कुबट वास येतोय. त्यांना पुडीवरचा नंबर वाचायला सांगितला. पाच मिनिटांत वहीचं पान समोर होतं. कपाटातली पुडी फोडली, वास चांगला होता. तरी त्या घाण्याच्या पुड्या ज्यांना गेल्या होत्या त्या सगळ्यांना फोन केले. कुणाचीच तक्रार नव्हती. मग मी स्वतः खाणावळीत गेलो. मसाल्याचा डबा शेगडीशेजारी, झाकण अर्धवट, ओला चमचा आतच. मी मालकांना डबा कुठे ठेवायचा ते दाखवलं आणि पुडी बदलून दिली. वही नसती तर मी काय केलं असतं? एक तर "आमचा माल चांगलाच असतो" म्हणून हात झटकले असते, नाहीतर घाबरून सगळा माल परत मागवला असता. उद्या खरंच एखादा घाणा बिघडला, तर नेमक्या तेवढ्याच पुड्या, नेमक्या घरांतून, त्याच दिवशी परत आणता येतील. हे जमेल याची खात्री असल्याशिवाय आपण अनोळखी माणसाला खायला विकू नये, असं मला मनापासून वाटतं.

सिंहस्थात स्टॉल टाकणाऱ्यांना पुड्या-लेबलांचा त्रास नाही, पण वही त्यांनाही लागेल. तेल कधी घेतलं, कधी बदललं, बर्फ कुणाचा, दूध कुणाचं. वर्तमानपत्रात भजी बांधून देऊ नका, त्याला बंदी आहे, शाईतली रसायनं गरम तेलात उतरतात. तळणीचं तेल दिवसेंदिवस पुन्हा-पुन्हा वापरू नका. त्याच्या बिघाडाची मोजता येणारी मर्यादा २०१८ पासूनच लागू आहे, ध्रुवीय घटक (तेल तापून बिघडलं की वाढतात ते) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्याजोगं राहत नाही. नोंदणीची प्रत स्टॉलवर दिसेल अशी लावा. आणि हे सगळं ऐन पर्वणीच्या आधी करायला जाऊ नका, तेव्हा कार्यालयात, प्रयोगशाळेत आणि छपाईवाल्याकडे सगळीकडे रांग असेल.

ज्यांना आमची वही बघायची असेल त्यांनी रविवारी सकाळी यावं. कोरं पान कसं आखायचं त्याची झेरॉक्स करून ठेवली आहे, ती घेऊन जा. लेबलाचा मसुदा असेल तर छापायच्या आधी आणा. आणि हिंग, बेसन, पिठीसाखर असं जे जे तयार डब्यातून येतं, ते डबेही बरोबर आणा. आपण बसून मागची बारीक अक्षरं वाचू.